तीनशे रुपयांत नाना-भाऊंची मुंबई

मुंबई बघायला पाहुणे आले की यादी ठरलेली असते. गेटवे, ताजसमोर फोटो, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, आणि वेळ उरलाच तर एखाद्या नटाच्या बंगल्याबाहेर ताटकळणं. टॅक्सीत पैसे जातात आणि गर्दीत दिवस जातो. सुट्टीत इस्लामपूरहून भाची ठाण्याला माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटलं, "गेटवे तुला कुणीही दाखवेल. मी तुला आपल्या माणसांनी उभी केलेली मुंबई दाखवते." ती इतिहास घेऊन बी. ए. करतेय, त्यामुळे लगेच तयार झाली. अट एकच घातली. "चालेल मावशी, पण माझा खर्च मी करणार. तीनशे रुपये आहेत, त्याच्यावर एक रुपया जायला नको."

तीनशे रुपयांत मुंबईचा दिवस आरामात निघतो, फक्त आदल्या रात्री नकाशा घेऊन बसावं लागतं. मी भायखळा, गिरगाव आणि वाळकेश्वर अशी तीन ठिकाणं धरली. तिन्ही एका ओळीत येतात, मागे वळायला लागत नाही, आणि मधलं बरंचसं अंतर चालत जाता येतं. वार शनिवार निवडला, कारण माझी सुट्टी असते आणि राणीबाग बुधवारी बंद असते. बाणगंगा मुद्दाम शेवटी ठेवली. भर दुपारी तिथल्या दगडी पायऱ्या तापलेल्या असतात, ऊन कललं की बसावंसं वाटतं.

सकाळी पोहे खाऊन आणि पाण्याच्या बाटल्या भरून निघालो. पाण्याची बाटली विकत घ्यायची नाही एवढं पाळलं तरी दिवसभरात बरेच पैसे वाचतात. भायखळ्याला उतरलो. या स्टेशनच्या जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि त्याला 2022 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. रोज लाखो लोक धावतपळत जातात अशा जागेची इतकी निगुतीने डागडुजी होऊ शकते, हे बघून मला फार बरं वाटलं. भाची मात्र राणीबागेच्या ओढीने पुढे निघाली होती.

राणीबाग म्हटलं की आता सगळ्यांना पेंग्विन आठवतात. पेंग्विनच्या बाजूला मोठी रांग होती, आम्ही तिकडे फिरकलोच नाही. बागेचं तिकीट पन्नास रुपये. 1862 साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. तिचं खरं धन म्हणजे तिथली झाडं. जाड बुंध्याची गोरखचिंच आहे, लालसर फुलांचे झुबके लोंबणारी उर्वशी आहे, आणि नुसतं वर बघत चालावं असे कितीतरी जुने वृक्ष आहेत. झाडांवर नावांच्या पाट्या आहेत. भाचीने दोन-चार नावं वहीत उतरवून घेतली.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याचं तिकीट नाममात्र आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय. 1872 साली ते उघडलं तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. 1975 साली त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं, आणि ते अगदी योग्य झालं, कारण या संग्रहालयासाठी खपलेल्या माणसांत भाऊ दाजी आणि मुंबईचे दानशूर व्यापारी नाना (जगन्नाथ) शंकरशेट हे दोघे आघाडीवर होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. लहानपणी बुद्धिबळ फार चांगलं खेळायचे. त्यांची चुणूक पाहून एका इंग्रज माणसाने त्यांच्या वडिलांना गळ घातली, की या मुलाला इंग्रजी शिकवा. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले, अजिंठ्याचे शिलालेख वाचले आणि दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. एका आयुष्यात एवढं सगळं, आणि 1874 साली गेले तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडलेली.

आत शिरल्यावर भाची काही क्षण बोललीच नाही. हिरवा रंग, सोनेरी नक्षी, ओतीव लोखंडाचे खांब आणि वर उंच छत. पण आम्ही सर्वांत जास्त रमलो ते मातीच्या छोट्या पुतळ्यांपाशी. मुंबईत राहणारे नाना जातीधर्मांचे लोक तेव्हा कसे दिसत, काय नेसत, डोक्याला काय बांधत, हे त्यात कारागिरांनी दाखवलंय. एकेक पगडी वेगळी. कुणाची चक्रीदार, कुणाची उभी, कुणाची टोकाला दुमडलेली. नुसत्या डोक्याकडे बघून माणसाचा धंदा आणि गाव ओळखायचे ते दिवस. भाची काचेला नाक लावून पगड्यांची चित्रं काढत बसली आणि मी तिला उठवलं नाही. कमी पैशांच्या भटकंतीत हेच सुख असतं, महागड्या तिकिटाचे पैसे वसूल करायची घाई नसते.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. घारापुरीचा हा मूळ हत्ती. याच्याच नावावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. 1864 साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे मुंबईत आणून ठेवले गेले आणि 1914 साली ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ गेलं की दगडावरचे सांधे दिसतात. भाचीने त्यातल्या एका सांध्यावर लांबूनच बोट फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे फुटला म्हणून राहिला." मला ते फार पटलं. धड असता तर आज त्याला बघायला लंडनचं तिकीट काढावं लागलं असतं.

याच राणीबागेत आणखी एक पुतळा आहे, तो म्हणजे मूळचा काळा घोडा. ज्याच्यामुळे फोर्टातल्या त्या सबंध परिसराला काळा घोडा हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा 1965 साली तिथून हलवून इकडे आणला. फोर्टात 2017 साली उभारलेल्या नव्या घोड्यावर स्वार नाही. काळा घोडा बघायला लोक हटकून फोर्टात जातात आणि खरा घोडा इथे भायखळ्यात असतो.

भायखळ्याहून पाच रुपयांत सीएसएमटी. माझ्याकडे पास आहे, भाचीने तिकीट काढलं. स्टेशनबाहेर समोरच्या फुटपाथवर उभं राहून मी तिला दर्शनी भिंतीवरच्या दगडी मुखाकृती दाखवल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांच्या त्या आकृती आहेत आणि त्यांत पागोटं घातलेले आपले नाना शंकरशेटही आहेत. नाना मूळचे मुरबाडचे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हा तिच्यातून प्रवास करणाऱ्यांत नाना होते. मी ज्या मार्गावर रोज लटकत येते, तोच हा मार्ग. "म्हणजे तुझ्या लोकलचे पहिले पॅसेंजर," भाची म्हणाली.

तिथून मेट्रो सिनेमापर्यंत चालत गेलो आणि धोबीतलावाला रस्ता पकडला. मुंबईकर ज्याला जेएसएस रोड म्हणतात, तो हा. दुकानांच्या पाट्या वाचत चाललं तर कुठे ज. शं. शेठ मार्ग, कुठे जे. एस. एस. रोड असं दिसतं, क्वचित कुठे जगन्नाथ शंकरशेट मार्ग असं पूर्ण नाव असतं. भाचीला मी आधी काही सांगितलं नव्हतं. ठाकूरद्वार यायच्या आत एका जुन्या दुकानावर पूर्ण नाव दिसलं आणि ती थबकली. "अगं, हे तर नानाच!" 1848 साली मुलींची शाळा काढायला स्वतःच्या वाड्यात जागा देणारा हा माणूस. त्यांच्या नावाचे रोज हजारो वेळा उच्चार होतात, पण तीन इंग्रजी अक्षरांत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आता भुयारी मेट्रोच्या मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट हे नाव दिलंय, आणि गाडीत ते मोठ्याने पुकारलं जातं, हे ऐकून तिलाही बरं वाटलं.

चिराबाजार, फणसवाडी, ठाकूरद्वार हा भाग चालतच बघायचा. खाली दुकानं, वर लाकडी कठड्यांच्या चाळी, दोरीवर वाळत घातलेल्या साड्या, तळमजल्यावर कुठे पिठाची गिरणी तर कुठे पूजेचं साहित्य. मेट्रोच्या कामात इथल्या काही इमारती गेल्या, पुनर्विकासात आणखी जातायत. लोकांना नीट घरं मिळायलाच हवीत, पडक्या चाळीत कुणी किती दिवस राहायचं. पण ज्यांना हे बघायचंय त्यांनी फार थांबू नये.

जेवायला फणसवाडीतल्या विनय हेल्थ होममध्ये गेलो. नाव ऐकून काढ्याचं दुकान वाटतं, पण मिळते उत्तम मिसळ. एकेक मिसळ आणि दोघींत एक पीयूष घेतलं. भाची सांगलीकडची, तिला तिखटाचं कौतुक मी सांगायची गरज नव्हती. तरी तिने वाटी पुढे करून रस्सा मागून घेतला. दिवसातला सर्वांत मोठा खर्च हाच होता, माणशी शंभर-सव्वाशेच्या आसपास. त्याच पैशांत मॉलमध्ये एक कॉफीसुद्धा येत नाही.

पुढे केशवजी नाईकांच्या चाळी. 1893 साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे सुरू झाला आणि 1901 साली लोकमान्य टिळक इथे येऊन गेले. गणपतीचे दिवस नव्हते, त्यामुळे चाळ आपल्या नेहमीच्या कामात होती. दारात बसलेल्या एका आजोबांना विचारलं, आत येऊन बघू का. "या की, गणपती नसले म्हणून काय झालं," असं म्हणत त्यांनी उठून आम्हाला मांडवाची जागा दाखवली. मूर्ती आजही लहानच असते, उंचीची चढाओढ नाही, आणि गणपती पालखीतून जातात, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "लालबागला रांग लावतात लोक. आमच्याकडे या, सरळ पायाशी जाऊन बसा." भाचीने वहीत तेही लिहून घेतलं.

तिथून जवळच खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत वामन हरी या पाठारे प्रभू गृहस्थाने आपल्या जमिनीचे तुकडे इथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि ही वाडी वसली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे. वाडीत शिरताच मोठ्या रस्त्याचा आवाज मागे पडतो. लाकडी घरं, बाहेरून वर जाणारे जिने, ओसऱ्या, निळ्या-पिवळ्या भिंती, कोपऱ्यात फुलं वाहिलेला क्रूस. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला टेकून उभं राहायचं. पूर्वी इथे पासष्टच्या आसपास जुनी घरं होती, आता तीससुद्धा उरलेली नाहीत.

इथे एक गोष्ट मी भाचीला आधीच बजावली होती. ही माणसांची राहती घरं आहेत, प्रदर्शन नव्हे. उघड्या खिडकीत मोबाइल घालायचा नाही, कुणाच्या जिन्यावर चढून फोटो काढायचा नाही. एका ओसरीवर एक बाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. भाचीने त्यांना "मावशी, घराचा फोटो काढू का?" असं विचारलं. त्यांनी हसून हात पुसले, म्हणाल्या, "घराचा काढ, कोळंबीचा नको." मग बाटली मसाल्याची गोष्ट निघाली. उन्हाळ्यात मिरच्या आणि दोन-तीन डझन मसाले वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरतात, तो वर्षभर पुरतो. आमच्याकडे कांदा-लसूण मसाला करतात तसाच की हा, असं भाची म्हणाली आणि दोघींचं प्रमाणावरून चांगलंच जमलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. गिरगावातलं मासळीचं कालवण आणि इस्लामपूरचा चटणीचा डबा एकमेकांशी बोलत होते.

खोताच्या वाडीतून ऑपेरा हाउस, केनेडी ब्रिज करत नाना चौकात आलो. पुन्हा नानाच. तिथून गामदेवीच्या लॅबर्नम रोडवर मणिभवन. प्रवेशाला पैसे नाहीत. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या या घरी उतरत. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह इथून आखला गेला आणि 4 जानेवारी 1932 रोजी पहाटे त्यांना इथल्याच गच्चीवरून अटक झाली. वरच्या मजल्यावर त्यांची खोली, गादी आणि चरखे आहेत. आम्ही इथे फार रेंगाळलो नाही, पाय दुखू लागले होते आणि ऊन कलायला लागलं होतं. पण खालचं ग्रंथालय बघून भाची म्हणाली, की मुंबईत शिकायला आले तर इथेच अभ्यासाला बसेन.

चौपाटीवरून वाळकेश्वरची बस घेतली. मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला दहा आणि एसीला बारा रुपये आहे. वाढलं तेव्हा सगळ्यांनी कुरकुर केली, मीही केली, पण मलबार हिलच्या बंगल्यांमधून दहा-बारा रुपयांत वर नेणारं दुसरं काही नाही. बसचे नंबर बदलतात, म्हणून थांब्यावर सरळ "बाणगंगेला जायचंय" असं विचारावं, कंडक्टर बरोबर उतरवतात.

उंच इमारतींच्या मधून पायऱ्या उतरत गेलं की अचानक तळं समोर येतं. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, दीपमाळा, भोवती देवळं आणि मठ, पाण्यात बदकं. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी हे पाणी गोडं आहे. जमिनीखालच्या झऱ्याचं आहे ते. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली, बाण मारून पाणी काढलं, म्हणून बाणगंगा, अशी कथा आहे. तळ्याच्या मध्यभागी एक खांब रोवलेला आहे, तो बाणाची जागा दाखवतो. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी 1127 साली तळं बांधलं असं सांगतात. मूळचं वाळकेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात पडलं. 1715 साली ते पुन्हा उभं राहिलं ते रामा कामाती या सारस्वत व्यापाऱ्याच्या पैशाने.

रामा कामातीची गोष्ट मी पायऱ्यांवर बसूनच सांगायची असं ठरवलं होतं. आपल्याकडे ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या मुंबईतला हा बडा आसामी, इंग्रजांच्या देशी शिपायांचा म्होरक्या. 1718 साली फोर्टातलं सेंट थॉमस चर्च सुरू झालं, तेव्हा तो आपल्या जातभाईंना घेऊन तो सोहळा बघायला बाहेर उभा होता, असं तिथल्या पाद्र्यानेच लिहून ठेवलंय. आणि दोनच वर्षांनी, 1720 साली, कान्होजी आंग्र्यांशी संगनमत केल्याचा ठपका ठेवून गव्हर्नर बूनने त्याच्यावर खटला भरला. पुरावा म्हणून आणलेलं पत्र बनावट होतं, हे नंतर उघड झालं. तोवर घरदार, मालमत्ता जप्त होऊन लिलावात गेली होती. रामा कामाती 1728 साली कैदेतच मेला.

भाची बराच वेळ देवळाकडे बघत होती. मग म्हणाली, "पाटी कुठाय त्याची?" आम्ही दोघींनी वाळकेश्वराच्या देवळाभोवती फेरी मारली. मुख्य रस्त्यावर त्याच्या नावाचा एकही फलक आम्हाला सापडला नाही. नानांच्या नावाचा रस्ता आहे, चौक आहे, भाऊ दाजींच्या नावाचं संग्रहालय आहे. ज्याच्या देवळामुळे या टेकडीला आजही वाळकेश्वर म्हणतात, त्याची गोष्ट सांगणारी चार ओळींची पाटी तळ्याच्या काठी लागायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. भाचीने तर कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय तिथल्या तिथे बदलला. आधी तिने किल्ला घेतला होता, आता रामा कामातीचा खटला.

तळ्याच्या काठी फूलवाल्याकडून चहाची टपरी विचारून घेतली आणि कटिंग पिऊन परतीची बस पकडली. सीएसएमटीहून ठाण्याच्या गाडीत बसल्यावर भाचीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रेल्वेची तिकिटं चाळीसच्या आत, राणीबाग पन्नास, संग्रहालय किरकोळ, मिसळ-पीयूष, दोन बस, चहा. तीनशेतली एक पन्नासची नोट शिल्लक राहिली होती. ती तिने वेगळी काढून ठेवली, कारण भाऊचा धक्का राहिला होता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेला, त्यांच्या 'भाऊ' या नावानेच ओळखला जाणारा. तिथून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जाते. पुढच्या सुट्टीत सकाळच्या लाँचने जाऊन ताजी मासळी घेऊन यायचं, असं दोघींनी मुलुंड येईपर्यंत नक्की केलं.